सावधगिरी कोणाच्या माथी?

(यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



२०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यांनी हातमोजे घातले नव्हते, तोंडाला फडके बांधले नव्हते, असे तेव्हा ऐकविण्यात आले. त्या फवारणीमागचा इतिहास मला आज मांडावयाचा आहे.

मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. बोंडअळीला मारणारे द्रव्य झाडातच तयार व्हावे व फवारणी कमी व्हावी, हा हेतू होता. प्रारंभी ती कमी झालीही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु हा गुण सरळ वाणांऐवजी संकरित वाणांतून आला. संकरित बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. विकणाऱ्याची सोय झाली. मात्र संकरित झाडाच्या बोंडातील सर्वच सरक्यांत ते द्रव्य उतरत नाही, आणि गुलाबी बोंडअळी तर सरकीवरच जगते. विष पचविण्याची तिला जणू तालीमच मिळाली. लांब मुदतीचे वाण आणि फरदड यांनी तिला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पोसले. पुढे दोन जनुकांचे वाणही तिने पचविले. तिकडे तुडतुडे व पांढरी माशी वाढली. फवारणी कमी करण्यासाठी घेतलेल्या निर्णयाचा शेवट, डोक्याएवढ्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन शिरलेल्या मजुरापाशी झाला.

हे कोणी मुद्दाम केले, असे मी म्हणत नाही. पण अळी विषाला सरावेल, हे ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, म्हणूनच कडेने बिगर-बीटी ओळी लावण्याचा नियम होता. तो पाळावयाचा कोणी? चार एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याने, स्वतःचे पीक अळीच्या तोंडी देऊन! आणि हातमोजे? तेही मजुरानेच आणावयाचे. निर्णय वरचे घेणार, नफा मधले नेणार आणि सावधगिरी तेवढी खालच्यांनी बाळगावयाची, ही यातली खरी विषमता आहे.

आता तणनाशक सोसणाऱ्या कपाशीची मागणी होत आहे. चोरून तिची लागवडही होते. निंदणावर जगणाऱ्या बायांना कोणी विचारले आहे काय? दूरचे सगळेच परिणाम कोणाला दिसत नाहीत. म्हणूनच सावधगिरीचा खर्च आणि भरपाईची हमी परवाना देतानाच, परवाना मागणाऱ्याकडून घेतली पाहिजे. ही मागणी घेऊन गावोगाव जावयाचे आहे.