लक्ष लागण्याची गोळी : उपयोग, अपाय आणि खबरदारी

(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



आजचा विषय औषधाचा आहे आणि मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. तेव्हा कोणाला कोणती गोळी द्यावी, किती द्यावी, हे मी सांगणार नाही. तो माझा अधिकार नव्हे. परंतु ज्या मुलाला ही गोळी सुरू असते ते मूल दिवसाचे पाच-सहा तास आमच्या डोळ्यांसमोर असते. गोळीचा गुण वर्गात दिसतो, आणि अपायाच्या पहिल्या खुणाही पुष्कळदा वर्गात किंवा मधल्या सुट्टीत न उघडलेल्या डब्यात दिसतात. म्हणून या विषयावर चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम आपण कोणत्या औषधांविषयी बोलत आहोत ते पाहू. काही मुलांचे लक्ष एका ठिकाणी ठरत नाही. हाती घेतलेले काम ती अर्धवट टाकतात, आपली पाळी येईपर्यंत थांबू शकत नाहीत, बाकावर स्थिर बसू शकत नाहीत. हे थोड्याफार प्रमाणात प्रत्येक मुलात असते. पण वयाच्या मानाने ते फारच अधिक असेल, लहानपणापासून असेल, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसत असेल व त्यामुळे मुलाचा अभ्यास आणि मैत्री दोन्ही बिघडत असतील, तर तज्ज्ञ डॉक्टर सर्व तपासणी करून त्याला एडीएचडी असे नाव देतात. मराठीत आपण त्याला अवधानाचा अभाव व अतिचंचलता म्हणू. मुली बहुधा दंगा करीत नाहीत. खिडकीबाहेर पाहत गप्प बसून राहतात. म्हणून त्यांचा हा त्रास कोणाच्या ध्यानातच येत नाही आणि "पोरीचे डोके चालत नाही" असा शिक्का मात्र बसतो.

यावर आपल्या देशात जे उत्तेजक औषध मुख्यतः दिले जाते त्याचे नाव मेथिलफेनिडेट. अमेरिकेत याबरोबरच अ‍ॅम्फेटामिन वर्गातील औषधेही फार वापरली जातात. आता आपण म्हणाल, आधीच चंचल असलेल्या मुलाला उत्तेजक औषध देणे म्हणजे आगीत तेल ओतणे नव्हे काय? शंका रास्त आहे. मेंदूच्या पेशी एकमेकींना जे निरोप देतात ते डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन अशा काही द्रव्यांच्या मार्फत देतात. ही औषधे पेशींच्या मधल्या जागेत त्या द्रव्यांचे प्रमाण वाढवतात. मेंदूचा जो भाग मनाला लगाम घालतो तो त्यामुळे नीट काम करू लागतो. घोड्याला चाबूक मारण्याऐवजी घोडेस्वाराला जागे करण्यासारखेच हे आहे.

ही औषधे काल-परवाची नाहीत. १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी आपल्या रुग्णालयातील ३० मुलांना बेन्झेड्रिन हे अ‍ॅम्फेटामिन वर्गातील औषध दिले, तेव्हा त्यांतील १४ मुलांच्या अभ्यासात एकाएकी मोठी सुधारणा दिसली. ती मुले त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत लिआंद्रो पानित्सोन या रसायनशास्त्रज्ञाने मेथिलफेनिडेट तयार केले. त्याची पत्नी मार्गरित हिला घरी रिटा म्हणत. तिच्या नावावरून या औषधाला रिटॅलिन हे नाव पडले. इतक्या वर्षांच्या वापरामुळे या औषधांचे गुण आणि दोष दोन्ही डॉक्टरांना चांगले ठाऊक आहेत. ते आपल्यालाही ठाऊक असावेत, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू.

आता अपायांकडे वळू. सर्वांत जास्त आढळणारा अपाय म्हणजे भूक मंदावणे. सकाळी गोळी घेतलेल्या मुलाला दुपारी जेवण नकोसे होते. आई प्रेमाने डबा भरून देते आणि तो जसाच्या तसा परत येतो. अशा मुलाला गोळीपूर्वी सकाळी पोटभर न्याहारी द्यावी, आणि संध्याकाळी भूक परत येते तेव्हा पुन्हा चांगले जेवू घालावे. दुपारी जबरदस्ती करून भांडण ओढवून घेऊ नये.

दुसरा अपाय झोपेचा. साधी गोळी तीन-चार तास काम करते आणि दीर्घकाळ काम करणारी आठ ते बारा तास. म्हणून दुपारनंतर घेतलेली गोळी रात्रीची झोप उडवते. सकाळची गोळी विसरली तर ती संध्याकाळी देऊ नये, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट तर मुळीच देऊ नये. तिसरे म्हणजे डोकेदुखी, पोटदुखी आणि चिडचिड. विशेषतः संध्याकाळी गोळीचा अंमल उतरताना मूल रडवेले किंवा तापट होते. त्या वेळी "औषध घेऊनही असा वागतोस?" असे म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ. काही मुलांत डोळे मिचकावणे, खांदे उडवणे असे झटके दिसू लागतात किंवा वाढतात. त्याउलट एखादे मूल एकदम निस्तेज, पुतळ्यासारखे बसून राहते. वर्ग शांत झाला म्हणून शिक्षकाने यात समाधान मानू नये. मूल मंदावले असेल तर मात्रा जास्त होत असण्याचा संभव असतो, आणि हे पालकांना कळवणे आमचे काम आहे.

चौथी गोष्ट हृदयाची. या औषधाने नाडी सरासरी मिनिटाला तीन ते सहा ठोक्यांनी आणि रक्तदाब दोन ते चार अंकांनी वाढतो. निरोगी मुलाला हे बहुधा जाणवतही नाही. पण हृदयात जन्मजात दोष असेल तर तेवढेही धोक्याचे ठरू शकते. म्हणून औषध सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी आठवणीने सांगा. मूल खेळताना कधी बेशुद्ध पडले आहे काय, त्याच्या छातीत धडधडते किंवा दुखते काय, आणि घराण्यात कोणी तरुण वयात अचानक दगावले आहे काय. ही तिसरी गोष्ट पुष्कळदा फक्त दादीला किंवा नानीलाच ठाऊक असते. तेव्हा दवाखान्यात जाण्याआधी त्यांना जरूर विचारा.

पाचवी गोष्ट वाढीची. अमेरिकेत एमटीए नावाच्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे पहिले निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, ५७९ मुले घेतली होती. पुढील पाहणीत असे दिसले की सलग औषध घेणारी मुले औषध न घेणाऱ्या तशाच मुलांच्या मानाने तीन वर्षांत उंचीने सुमारे दोन सेंटिमीटर मागे राहिली. यात घाबरण्यासारखे काही नाही, पण मोजमाप ठेवण्यासारखे निश्चित आहे. ब्रिटनमधील २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उंची, नाडी आणि रक्तदाब दर सहा महिन्यांनी, आणि दहा वर्षे व त्याखालील मुलांचे वजन दर तीन महिन्यांनी पाहावे. भिंतीवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहिली तरी उंचीचे काम भागते.

काही खुणा मात्र अशा आहेत की त्या दिसताच पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. छातीत दुखणे, धाप लागणे, चक्कर येऊन पडणे. नसलेले आवाज ऐकू येणे किंवा नसलेली माणसे दिसणे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा. बोटे पांढरी किंवा निळी पडून बधिर होणे. आणि मुलग्यांत जननेंद्रिय दीर्घकाळ ताठ राहून दुखणे. ही शेवटची तक्रार मुले लाजेने सांगत नाहीत, म्हणून अब्बांनी आधीच विश्वासात घेऊन सांगून ठेवावे. या गोष्टी क्वचित घडतात; पण क्वचित घडतात म्हणूनच त्या वेळी आपण गोंधळतो.

घरातली रोजची खबरदारी अशी. गोळी मोठ्या माणसाने आपल्या हाताने द्यावी आणि कुलपात ठेवावी. आठवड्याला एकदा गोळ्या मोजाव्यात. दीर्घकाळ काम करणारी गोळी फोडू नये, कुटू नये, चघळू देऊ नये. कारण दिवसभराचा अंमल एकदम अंगावर येतो. सर्दीपडशाच्या कित्येक औषधांनीही रक्तदाब वाढतो, तेव्हा ती विचारल्याशिवाय देऊ नयेत. नैराश्यावरची काही औषधे या गोळीबरोबर घातक ठरतात. कडक चहा, कॉफी आणि डबाबंद उत्तेजक पेये टाळावीत. काचबिंदू किंवा थायरॉईडचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

रमजानचाही विचार करायला हवा. गोळी इफ्तारनंतर दिली तर रात्रीची झोप जाते, आणि सहरीला देऊन दिवसभर उपाशी राहिले तर आधीच कमी झालेले खाणे आणखी घटते. आजाऱ्याला सवलत आहे हे आपण जाणतोच. महिना सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून वेळ ठरवून घ्यावी. स्वतःच्या मनाने वेळापत्रक बदलू नये.

आपल्यापैकी पुष्कळांची माणसे आखाती देशांत आहेत. तिकडे जाताना मुलाची ही औषधे सामानात सहज टाकून नेऊ नयेत. तिथे अशा औषधांवर कडक निर्बंध आहेत. जाण्यापूर्वी त्या देशाच्या नियमांची चौकशी करून परवानगी घ्यावी आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. तसेच परदेशातल्या मामूंनी भाच्यासाठी पाठवलेली गोळी, मग ती कितीही मायेने पाठवलेली असो, आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी. दहावी-बारावीच्या आणि प्रवेशपरीक्षांच्या दिवसांत "एक गोळी घे, रात्रभर अभ्यास होतो" अशी कुजबुज कानावर येते. कोणी मित्राची मेथिलफेनिडेट देतो, कोणी झोपेच्या विकारावरची मोडॅफिनिल मिळवतो. ज्याला हा आजार नाही त्याने ही गोळी घेणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला! २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १८ ते ३५ वर्षांच्या ४० निरोगी व्यक्तींना या प्रकारची तीन औषधे आणि एक औषध नसलेली गोळी आळीपाळीने देऊन एक कोडे सोडवायला दिले. ठरावीक वजन पेलणाऱ्या पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू कशा बसवाव्यात, असे ते कोडे होते. औषध घेतल्यावर त्यांनी वेळ अधिक घालवला, खटपट अधिक केली. पण त्या खटपटीचा दर्जा घसरला. म्हणजे गोळीने माणूस राबतो जास्त आणि जमते कमी. परीक्षेत मात्र गुण उत्तराला मिळतात.

शिवाय ही गोळी थकवा घालवीत नाही, तो नुसता झाकते. १३ जुलै १९६७ रोजी फ्रान्समधील सायकल शर्यतीत टॉम सिम्प्सन हा २९ वर्षांचा ब्रिटिश खेळाडू भर उन्हात माँ व्हाँतू हा डोंगर चढताना कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामिन सापडले. उन्हाने आणि श्रमाने थकलेले शरीर थांब म्हणत असता त्याला ते ऐकू आले नाही. रात्रभर जागून पाठ केलेलेही असेच फसवे असते, कारण वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेत.

कायद्याची बाजूही समजून घ्या. मेथिलफेनिडेट हे १९४५ च्या औषध नियमांतील 'एक्स' परिशिष्टात आहे. ते दोन प्रतींतील चिठ्ठीवरच मिळते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातही त्याचा समावेश आहे. तेव्हा आपल्या नावाची गोळी मित्राला देणे हा दिलदारपणा नव्हे, तो गुन्हा ठरू शकतो. त्या मित्राच्या हृदयात दोष असेल तर काय होईल, हे देणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही नसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये या औषधांच्या वेष्टनावरील इशारे अधिक कडक केले, त्यामागे अशी वाटावाटी हेही एक कारण होते.

इतके अपाय ऐकून एखादे पालक म्हणतील, मग ही गोळी नकोच. तसे नाही. योग्य मुलाला, योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या नजरेखाली दिलेल्या या औषधाने कित्येक मुले प्रथमच एक पान शांतपणे वाचू शकतात. अगदी लहान मुलांत आधी पालकांनी शिकून घ्यावयाच्या पद्धतीच वापरतात. मोठ्या मुलांतही ठरावीक दिनक्रम, लहान-लहान टप्प्यांत काम आणि शिक्षकाजवळचा बाक यांची जोड लागतेच. उत्तेजक नसलेली दुसरी औषधेही आहेत. हे औषध चालत नसेल तर डॉक्टरांकडे परत जाता येते. पण शेजारच्या खालाने भीती घातली म्हणून मध्येच बंद करणे, किंवा परीक्षा आली म्हणून आपणच एकाची दोन करणे, ही दोन्ही टोके मुलाच्या जिवावर बेततात.

शेवटी पालकांना एक विनंती. औषध सुरू केलेत तर शाळेपासून लपवू नका. लोक काय म्हणतील, मुलाला वेडा म्हणतील, ही भीती मी समजू शकतो. पण वर्गशिक्षकाला माहीतच नसेल तर न उघडलेला डबा त्याला नखरा वाटेल, दुपारची डोकेदुखी बहाणा वाटेल आणि मैदानात आलेली चक्कर उपवासाची वाटेल. एक साधी वही करा. तीत आठवड्यातून एकदा जेवण, झोप, वजन आणि मनःस्थिती यांविषयी चार ओळी घरून लिहा, चार आम्ही लिहू, आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या. डॉक्टर मुलाला महिन्यातून दहा मिनिटे पाहतात. उरलेला महिना ते तुमच्या आणि आमच्या नजरेसमोर असते.