शिबिराची पूर्वतयारी
(युवक शाखेच्या सभेत पालक व शिबिरार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



आपल्या युवक शाखेने येत्या डिसेंबरात कळसूबाईच्या पायथ्याशी, बारी या गावी, शनिवार-रविवारचे दोन दिवसांचे शिबिर योजिले आहे. ३२ मुलामुलींनी नावे दिली आहेत. मी जन्मभर शाळेत गणित व कवायत शिकविली, म्हणून पूर्वतयारीविषयी चार शब्द मी सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. ती शिरसावंद्य मानून मी आपणांसमोर उभा आहे.

पालकांनी मजकडे दोन शंका बोलून दाखविल्या आहेत. डोंगरात मुलींना पाठवावे की नाही, ही एक. आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा सर्व सुखसोयी असलेल्या एखाद्या रिसॉर्टमध्ये मुलांना का नेऊ नये, ही दुसरी. दोन्ही शंका मुलांवरील मायेपोटी उद्भवल्या आहेत, म्हणून त्यांचा विचार आदराने केला पाहिजे.

दुसऱ्या शंकेचा परामर्श प्रथम घेतो. बेडन-पॉवेल यांनी इ. स. १९०७ च्या ऑगस्टात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांचे शिबिर भरविले. बालवीर चळवळीचा उगम तेथे झाला. त्या मुलांत बड्या घरची, नामांकित शाळांतील मुले होती. तशीच जवळपासच्या गावांतील कामकरी लोकांची मुलेही होती. त्यांच्या चार तुकड्या पाडल्या होत्या, आणि प्रत्येक तुकडीत दोन्ही प्रकारची मुले एकत्र होती. आपल्या ज्ञातीतही आज मोटारीतून येणारी कुटुंबे आहेत आणि महिन्याची तोंडमिळवणी करताना मेटाकुटीस येणारीही आहेत. रिसॉर्टचा खर्च सांगितला, तर दुसऱ्या प्रकारच्या घरातील मूल काही तरी सबब सांगून घरी राहील. ती सबब आपणांस कळणारही नाही. अशा रीतीने एक जरी मूल मागे राहिले, तरी ते शिबिर ज्ञातीचे म्हणता येणार नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, तयारी म्हणजे खरेदी नव्हे. शाळेचे दप्तर, घरातील जाड सतरंजी व चादर, एक स्वेटर, कानटोपी, जोडीला एक कपड्यांचा संच, ताट-वाटी-पेला, पाण्याच्या बाटल्या, विजेरी, शिट्टी आणि रोज वापरलेले बूट एवढे साहित्य पुरेसे आहे. कोऱ्या बुटांनी पायास फोड येतात. जुने मळके बूटच डोंगरावर साथ देतात. सामान उसने घ्यावे, द्यावे. ज्यांना वर्गणी देणे कठीण जाईल, त्यांची वर्गणी संस्थेच्या निधीतून भरावी, आणि ती कोणाची भरली हे चिटणिसांखेरीज कोणासही कळू नये.

आता मुलांनो, तुम्हांस सांगतो. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. त्याची उंची १६४६ मीटर आहे. वाटेतील कठीण कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. हजारो लोक तेथे जातात, म्हणून ते शिखर सोपे आहे असे समजू नका. निघण्यापूर्वीचे तीन रविवार आपल्या हाती आहेत. पहिल्या रविवारी पाठीवर सामान घेऊन ८ किलोमीटर चालावयाचे. दुसऱ्या रविवारी संस्थेच्या सभागृहात ३२ जणांची खिचडी तुम्हीच करावयाची. माणशी १०० ग्रॅम डाळ-तांदूळ धरले, तर ३ किलो २०० ग्रॅम होतात. हा हिशेब आईने न करता तुम्ही करावा. कांदा मुलांनी चिरावा, पातेली मुलांनी घासावीत. आणि सामानाची यादी व पैशांचा हिशेब मुलींनी ठेवावा. तिसऱ्या रविवारी प्रथमोपचार व सामानाची तपासणी.

आठ-आठ जणांच्या चार तुकड्या कराव्यात. तुकडी मैत्री पाहून करू नये, वेगवेगळ्या घरची मुले एकत्र येतील अशी करावी. दोन तुकड्यांच्या नायिका मुली असाव्यात. चढताना सर्वांत हळू चालणाऱ्याने पुढे चालावे, सर्वांत दणकट गड्याने शेवटी. दर विसाव्याच्या जागी मोजणी झालीच पाहिजे. माणशी ३ लिटर पाणी, म्हणजे ३२ जणांस ९६ लिटर. ते खालूनच भरून घ्यावे. सकाळी अकरा वाजेपर्यंत शिखर गाठले नाही, तर जेथे असू तेथून परत फिरावे. शिखर कोठे पळून जात नाही.

सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. धूर, अत्तराचा उग्र वास व आरडाओरडा यांनी ती खवळतात; म्हणून हे तिन्ही वर्ज्य. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार मुख्य विषारी साप. मण्यार बहुधा रात्री, झोपेत दंश करते. म्हणून उघड्या जमिनीवर झोपू नये, रात्री विजेरीवाचून पाऊल टाकू नये आणि सकाळी बूट झटकूनच घालावेत. दंश झालाच, तर चिरा देऊ नये, करकचून दोरी बांधू नये, विष चोखू नये. रोग्यास धीर द्यावा, तो अवयव हलू देऊ नये आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरील लस जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे, याची चौकशी नायकांनी निघण्यापूर्वीच करून ठेवावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे खरी. परंतु डोंगरात मोबाईलला सर्वत्र संपर्क मिळेल, यावर विसंबू नये.

हा सर्व प्रदेश १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. वनखात्याचे नियम आधी विचारून घ्यावेत. डोंगरावर चूल पेटवू नये. नेलेला प्रत्येक कागद परत आणावा. त्या भागात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. आपण त्यांच्या दारी पाहुणे आहोत. एक वेळचे जेवण गावातील घरीच सांगावे, त्याचे मोल घासाघीस न करता द्यावे, आणि तेथील माउलींच्या हातची भाकरी मांडी घालून, ‘आजी’, ‘मावशी’ म्हणत खावी. आपण ज्ञातीच्या नावाने एकत्र आलो, ते एकमेकांस हात देण्यासाठी. दुसऱ्यास दूर लोटण्यासाठी नव्हे. हा धडा सभागृहातील भाषणापेक्षा त्या ओसरीवर लवकर उमगेल.

आता मुलींविषयीची शंका. आपल्या लेकी आज शिक्षणासाठी, नोकरीसाठी परगावी एकट्या राहतात. रात्रीच्या गाडीने प्रवास करतात. हिशेब ठेवणे, वाट ओळखणे, संकटात डोके शांत ठेवणे आणि नको तेथे ठामपणे नाही म्हणणे त्यांना कोठे शिकवावयाचे? दोन अनुभवी भगिनी शिबिरात सोबत राहणार आहेत. निवासाची व्यवस्था वेगळी आहे. एवढी दक्षता घेऊनही मुलीस घरी ठेवले, तर तिचे रक्षण होते असे मला वाटत नाही. तिची तयारी मात्र राहून जाते.

पालकहो, दमा, मधुमेह, फिट्स यांपैकी काही असल्यास ते लपवू नका. औषध व कागद नायकाकडे द्या. नंतर मात्र पिशवी मुलास स्वतः भरू द्या. काही विसरले, तर शेजारच्याकडे मागेल. मागणे व देणे दोन्ही शिकेल. उपनगरातील सदनिकांत विखुरलेल्या आपल्या मुलांना एकमेकांची नावेही ठाऊक नाहीत. तीन रविवार एकत्र चालून, एकत्र रांधून ती ठाऊक झाली, तर शिबिराचे अर्धे कार्य बारीस पोहोचण्यापूर्वीच साधेल.

नावे दिलेल्या सर्व ३२ जणांना, मुलींसह, आपण निर्धास्तपणे पाठवावे, एवढीच प्रार्थना.