संशोधक घडतो कसा? कृष्णविवरांच्या निमित्ताने काही विचार

(अस्कर येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



येथील अॅल्युमिनियमचा कारखाना 1971 पासून चालू आहे. तापलेली वस्तू उष्णता बाहेर टाकते, हे तेथे राबणाऱ्यास पुस्तकाविना ठाऊक असते. कृष्णविवराविषयी मात्र समज असा होता की, ते सर्व गिळते, बाहेर काहीच टाकीत नाही. या समजाला पहिला धक्का दिला तो एका विद्यार्थ्याने.

प्रिन्स्टन विद्यापीठात जॉन व्हीलर यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करणाऱ्या जेकब बेकेन्स्टाइन यांनी 1972 साली मांडले की, कृष्णविवराला एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचे माप, असलेच पाहिजे. एन्ट्रॉपी मानली की तापमान मानावे लागते. आणि तापमान असेल तर उत्सर्जनही आलेच. स्टीफन हॉकिंग यांना हे मुळीच पटले नाही. व्हीलर यांनी मात्र आपल्या विद्यार्थ्यास उत्तेजनच दिले. पुढे 1974 साली कृष्णविवराच्या सीमेलगत क्वांटम सिद्धांत लावून खुद्द हॉकिंग यांनीच गणित केले, तेव्हा उत्सर्जन सिद्ध झाले. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे तापमान निरपेक्ष शून्याहून अंशाच्या कोटीव्या भागानेही अधिक नसते. इतके क्षीण उत्सर्जन अद्याप कोणी मोजू शकलेले नाही. पण विचार टिकला आहे.

हीच परंपरा महाराष्ट्रातही आढळते. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर (1938-2025) आयुष्यभर महास्फोट सिद्धांताचे टीकाकार राहिले. त्यांचे विद्यार्थी थानू पद्मनाभन यांनी मात्र त्याच प्रचलित विश्वशास्त्रावर ग्रंथ लिहिले आणि कृष्णविवरांच्या उष्मागतिकीत मोलाची भर घातली. 1988 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या 'आयुका'त गुरु-शिष्य अनेक वर्षे एकत्र काम करीत होते. मतभेदाने नाते तुटले नाही.

आणि बाबासाहेब? 1923 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथाला प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी आपला मतभेद स्पष्ट नोंदविला, तरीही ग्रंथाच्या ताजेपणाचे स्वागत केले.

आम्ही वैद्यकीय पदवी घेतलेली माणसे पाठांतराच्या बळावर परीक्षा उत्तीर्ण होतो. संशोधन ही निराळी विद्या आहे. तेथे उत्तर पाठ करावयाचे नसते, प्रश्न सांभाळावयाचा असतो. आणि त्यासाठी पाच-सहा वर्षे तुटपुंज्या शिष्यवृत्तीवर काढावी लागतात. गावाकडे आई-वडील, भावंडे आमच्या पगारावर अवलंबून असताना मुलाने बाविसाव्या वर्षी कमवावे असे आम्हांस वाटते. ही भीती खोटी नाही.

तथापि ज्या घरात वडिलांचे म्हणणे खोडता येत नाही, त्या घरातील मूल उद्या गुरूचे म्हणणे कसे तपासणार? मुलांची फी भरणे आम्हांस जमले. त्यांना आमच्याशी असहमत होण्याची मोकळीक देणे, हे आता आम्हांस जमले पाहिजे.

जयभीम!