हाड, धातू आणि मातृभाषा



हाडावर ताण आला की त्यात सूक्ष्म विद्युतभार निर्माण होतो, हे १९५७ साली फुकादा व यासुदा या जपानी संशोधकांनी दाखवून दिले. हाडाच्या आधारास बसवलेले टायटॅनियम भक्कम असते. पण ताण सोसूनही ते असा भार निर्माण करत नाही. म्हणून त्यावर बेरियम टायटॅनेटसारख्या दाबविद्युत सिरॅमिकचा लेप द्यावा आणि रुग्णाच्या पावलांच्या दाबानेच हाडाच्या वाढीस चालना मिळावी, यासाठी प्रयोग चालू आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही अशा पदार्थांवर संशोधन झाले आहे.

हे सारे मराठीत सांगता येते, मुलांना समजते. जबलपुरात मातृभाषेतून पाया पक्का केलेला विद्यार्थी कोणत्याही प्रयोगशाळेत उणा पडणार नाही, हा विश्वास पालकांनी बाळगावा.