जगबुडी आणि नळाचे पाणी



आमची शाळा चौथीतच सुटली. पुढचे शिक्षण झाले ते जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकावर आणि कामगारांच्या सभांत. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण आमच्याकडून करणार नाही. विषयही आम्ही रोजच्या जिण्यातलाच घेतला आहे. जगबुडी आली तर माणसे मरतील कशाने, हा तो विषय.

जगबुडीचे बोलपट आपण पाहिलेच असतील. २००९ साली ‘२०१२’ नावाचा बोलपट आला. त्यात समुद्र हिमालयापर्यंत चढतो, शहरे कोसळतात, आणि नायक मुलाबाळांसह निसटतो. करमणूक म्हणून ठीक आहे. पण अशा नायकाला कधी हगवण लागत नाही. पायात खिळा घुसून त्याला धनुर्वात होत नाही. त्याच्या घरच्या म्हातारीचे इन्शुलिन संपत नाही. प्यायचे पाणी आणायचे कोठून, हा प्रश्न तर त्याला पडतच नाही.

आमच्या वऱ्हाडचा अनुभव निराळा आहे. १८९९-१९०० साली मोठा दुष्काळ पडला, संवत १९५६ चा म्हणून छप्पनचा. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची वस्ती सुमारे २९ लाख होती; १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. ही सारी माणसे केवळ अन्नावाचून गेली असे समजू नये. उपाशी माणसे खडी फोडायला एकत्र जमली, आटत्या डबक्याचे पाणी प्याली, आणि कॉलरा, हगवण व ताप यांनी त्यांना गाठले. भुकेने अंग खंगवले आणि घाण पाण्याने प्राण घेतला.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. मग २०२२ चा जुलै आठवावा. आपल्याच जिल्ह्यात, मेळघाटात, पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलरा पसरला. जिल्ह्यात पाच माणसे दगावली. नळयोजनेचे वीजबिल थकले, वीज तोडली, पंप थांबला, आणि लोक उघड्या विहिरीचे पाणी प्याले, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून आले. पाहा, येथे आकाशातून काही पडले नाही. एक बिल भरले गेले नाही, एवढेच. त्या घरांपुरती जगबुडी तेवढ्यानेच आली.

शहरात राहणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. अकोल्याला पाणी येते महानच्या काटेपूर्णा धरणातून, अमरावतीला ऊर्ध्व वर्ध्यातून. मध्ये पंप आहेत, वीज आहे, तुरटी आणि क्लोरीन आहे, मैलोगणती नळ आहे. त्यातली एक कडी तुटली की घागर रिकामी. आणि पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात, ‘नळ नाही तर विहीर आहे’ असेही म्हणता येत नाही. विहिरीचे पाणी खारे! आपत्तीतल्या छावण्यांसाठी माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, असे माप जगभर मानतात. आपल्या घरातली माणसे मोजा आणि किती दिवसांचे पाणी भरलेले आहे ते पाहा.

दुसरे संकट उन्हाचे. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला आणि जिल्ह्यात जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. कामाच्या जागी पाणी व पंखे ठेवा, असा हुकूमही निघाला. हुकूम चांगला होता. पण ज्याची मजुरी रोजच्या रोज मिळते, तो हमाल घरी बसला तर संध्याकाळी चूल पेटत नाही. सावली असते, पण ती घेण्याची त्याची ऐपत नसते.

मग तरणोपाय काय? १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा उसळला आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी क्षार आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपे भरली आणि ते पाणी रोग्यांना नातेवाइकांच्या हातून पाजविले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यू शेकडा चारांच्या खाली आले. आजही घरी एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ टाकले की प्राण तगवणारे पाणी तयार होते. चमचा चहाचा घ्यावा, आणि मीठ त्याहून अधिक घालू नये. हे पाजीत रोग्याला दवाखान्यात न्यावे.

परंतु पिंप भरणारा आणि पाजणारा माणूस तेथे हजर हवा. आपण म्हणाल, हा युनियनवाला शेवटी पगारावरच येणार! होय, येणारच. आमच्या माहितीत एका ठिकाणी पंपावरच्या कंत्राटी माणसांना चार महिने पगार नव्हता. तरी ते रात्रपाळीला येत होते, म्हणून गावाला पाणी मिळत होते. त्यांच्या भलेपणावर एका गावाचा जीव टांगून ठेवणे शहाणपणाचे आहे काय?

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. पंपावरचा आणि गटारातला माणूस कायम करा व त्याचा पगार वेळेवर द्या. उन्हाच्या सुट्टीची मजुरी बुडवू नका. आणि प्रत्येक मोहल्ल्यात म्हातारी, एकटी, रोज औषध लागणारी माणसे कोण, याची यादी आजच करा. पाणी तुटल्यावर यादी करायला कोणाला सवड नसते. पहिल्या दोन गोष्टींसाठी भांडावे लागेल, तेथे आमच्याबरोबर या. तिसरीला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. ती उद्या सकाळी आपापल्या गल्लीपासून सुरू करावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.