मधुमेह आणि मनाची विचारपूस
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



मधुमेहाचा विषय निघाला की साखर, पथ्य, गोळ्या आणि इन्सुलिन यांचीच चर्चा होते. भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना हा विकार असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीने २०२३ साली प्रसिद्ध केला. या लोकांचे रक्त वरचेवर तपासले जाते. मनाची विचारपूस मात्र क्वचितच होते.

वास्तविक हे नाते जुने आहे. सतराव्या शतकात टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने मधुमेहाचा संबंध दीर्घ शोकाशी जोडला होता. मधुमेहींमध्ये नैराश्य इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते, असे आधुनिक संशोधन सांगते. रोजच्या पथ्यपाण्याने मन थकते. आणि मन खचले की फिरणे सुटते, औषध चुकते, साखर चढते.

अडचण अशी, की थकवा, झोपमोड आणि वजनातील घट ही लक्षणे दोन्ही विकारांत दिसतात. म्हणून रुग्ण म्हणतो, 'साखर वाढली असेल', आणि घरचे म्हणतात, 'वय झाले'.

यावर एक साधी प्रश्नावली उपलब्ध आहे. तिचे नाव पीएचक्यू-९. आरंभी दोनच प्रश्न : गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला आहे काय? मन उदास, निराश असते काय? प्रत्येक उत्तरास शून्य ते तीन गुण. दोहोंची बेरीज तीन किंवा अधिक झाल्यास उरलेले सात प्रश्न विचारावेत. एकूण सत्तावीसपैकी दहा वा अधिक गुण आल्यास डॉक्टरांनी सविस्तर तपासणी करावी. ही चाळणी आहे, निदान नव्हे. परंतु जीव नकोसा होण्याविषयीच्या शेवटच्या प्रश्नास होकार आला, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी दखल घेतली पाहिजे.

आपल्यासारख्या परप्रांतीय कुटुंबांत आणखी एक अडसर असतो, तो भाषेचा. 'करमत नाही', 'कशात जीव रमत नाही' हे मराठी माणूस मराठीतच बोलतो. दवाखान्यात परक्या भाषेत प्रश्न आला, की 'ठीक आहे' एवढेच उत्तर देऊन तो मोकळा होतो. अशा वेळी सोबत गेलेल्या मुलाने वा सुनेने ते शब्द डॉक्टरांपर्यंत पोहोचवावेत.

विचारपुशीनंतर उपचारही हवेत, आणि ते गुणकारी आहेत. भारतातील चार मधुमेह-केंद्रांत झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन्ही विकारांची काळजी एकत्र घेतल्याने नैराश्य व मधुमेह या दोहोंवर अधिक चांगले नियंत्रण आले. शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा (१४४१६) २०२२ पासून अनेक भारतीय भाषांतून उपलब्ध आहे.

मंडळातील एखादे आजोबा वा काकू अलीकडे कार्यक्रमांना दिसेनासे झाले असतील, तर त्यांच्या घरी जाऊन यावे. साखर किती, हे विचारून झाल्यावर मन कसे आहे, हेही विचारावे. आणि उत्तर ऐकण्याइतका वेळ तेथे बसावे, एवढीच विनंती.