घानाचे केंटे आणि त्याचे विणकर



मेजावर ही जी चार इंच रुंदीची रंगीत पट्टी ठेवली आहे, ती आमच्या एका स्नेह्याने पश्चिम आफ्रिकेतील घाना देशातून आणलेली आहे. अशा वीस-चोवीस पट्ट्या काठाला काठ लावून शिवल्या म्हणजे पुरुषाचे अंगभर पांघरण्याचे वस्त्र तयार होते. त्याला केंटे म्हणतात. नाव अपरिचित असले तरी कापड आपण पाहिलेले असण्याचा संभव आहे. 2020 च्या जून महिन्यात जॉर्ज फ्लॉइड ह्याच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या संसदेतील डेमोक्रॅटिक पक्षाचे पुढारी गुडघे टेकून बसले होते. त्यांच्या गळ्यात जी पिवळ्या-हिरव्या-लाल नक्षीची उपरणी होती, ती ह्याच केंटेची.

आम्ही घानाला गेलेलो नाही. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही मिळाले ते वाचनालयाच्या कपाटांतून. पण तीस वर्षे यंत्रमाग कामगारांत गेल्यामुळे एक खोड लागली आहे. कापड समोर आले की ते अंगावर कसे शोभते ह्यापेक्षा ते मागावरून कसे उतरले, आणि उतरवणाऱ्याच्या पदरात काय पडले, तिकडेच आमचे लक्ष जाते. आजचे व्याख्यान त्याच खोडीतून निघाले आहे.

असांते लोकांची राजधानी कुमासी. तिच्यापासून अठरा-वीस किलोमीटरवर बोनविरे नावाचे विणकरांचे गाव आहे. तेथील माग म्हणजे लाकडाची एक चौकट, आणि विणकर तिच्या आत बसतो. आपल्याकडे ताणा बीमावर गुंडाळलेला असतो. तिकडे तो समोर कित्येक हात लांब जमिनीलगत ताणलेला असतो आणि त्याच्या टोकाला दगडाचे वजन ठेवलेली फळी असते. कापड विणले जाईल तशी ती फळी फरफटत विणकराकडे सरकत येते. पायाखाली पावड्या नाहीत. वहीला बांधलेल्या दोऱ्यांच्या टोकांना जे तुकडे असतात, ते पायाच्या अंगठ्यात आणि बोटात धरून तो वही खालीवर करतो.

खरे कसब त्या वहीतच आहे. वह्यांच्या जोड्या दोन असतात. पहिल्या जोडीने ताण्याचा एकेक धागा सुटा उचलला जातो, तेव्हा ताण्याचे रंग वर दिसतात. दुसऱ्या जोडीने तेच धागे जुडीजुडीने उचलले जातात, तेव्हा बाणा त्यांच्यावर इतका दाट बसतो की ताणा पार झाकून जातो आणि नक्षीचा भरीव ठोकळा तयार होतो. एकाच पट्टीत ही दोन्ही कामे आलटूनपालटून चालतात. पुढे पट्ट्या शिवताना एकीचा ठोकळा शेजारणीच्या मोकळ्या जागेला भिडला पाहिजे, म्हणून प्रत्येक ठोकळ्याचे माप नेमके ठेवावे लागते; आणि समोर नक्षीचा कागद नसतो, सगळे डोक्यात. आमच्या एका वहिफणीवाल्या सोबत्याला हे समजावून सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे डिझाइनवाला, जॉबर आणि विणकर तिन्ही एकच माणूस, आणि मजुरी मात्र एकाचीच!"

असांते लोकांची कथा अशी की, दोन भावांनी रानात कोळ्याला जाळे विणताना पाहिले आणि ते पाहून ते विणायला शिकले. पूर्वेकडच्या एवे लोकांना ही कथा मान्य नाही. ते म्हणतात, 'केंटे' हा शब्दच आमचा. 'के' म्हणजे ताणा उघड आणि 'ते' म्हणजे बाणा दाब. असांते म्हणतात, छे, तो टोपलीला आमचा जो शब्द आहे त्यावरून आला. पुढे असांते राज्याची भरभराट झाली, आणि अठराव्या शतकात युरोपीय व्यापाऱ्यांकडून रेशमी कापडे विकत घेऊन ती उसवायची आणि त्या धाग्यांतून आपली नक्षी विणायची अशी रीत पडली. त्या काळी गोल्ड कोस्टवर राहिलेल्या रोमर नावाच्या डॅनिश व्यापाऱ्याने 1760 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात हे नमूद केले आहे. दुसऱ्याचे तयार कापड उसवून आपले विणणे, ह्याला अनुकरण म्हणता येणार नाही. सूत काततात त्या बायका. पण मागाला हात लावायची त्यांना परंपरेने बंदी. अलीकडे काही ठिकाणी स्त्रिया मागावर बसू लागल्या आहेत.

आता नावांकडे येऊ. केंटेच्या प्रत्येक नक्षीला नाव असते, आणि ते नाव म्हणजे अनेकदा म्हणच असते. एका अतिशय दाट नक्षीचे नाव 'अद्वेनेआसा', म्हणजे माझे कसब इथे संपले. घाना 1957 साली स्वतंत्र झाला. पंतप्रधान आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या क्वामे न्क्रुमा ह्यांनी फातिया नावाच्या इजिप्शियन स्त्रीशी विवाह केला, तेव्हा एका नक्षीला 'फातिया न्क्रुमाला शोभते' असे नाव पडले. 24 फेब्रुवारी 1966 रोजी लष्कराने न्क्रुमा ह्यांना पदच्युत केले, आणि त्याच नक्षीचे नवे नाव झाले: 'एकटा माणूस देश चालवत नाही.' ताणा तोच, बाणा तोच. घानाने 1960 साली संयुक्त राष्ट्रसंघाला जे केंटे भेट दिले त्याच्या नावाचा अर्थ तर 'एका डोक्याने पंचायत होत नाही' असा आहे. आमच्या युनियनच्या कचेरीत लावावे असे हे वाक्य आहे! पण पाहा, राजाराण्यांची आणि पुढाऱ्यांची नावे कापडाला चिकटली. ज्यांच्या पायाच्या अंगठ्यांनी ते कापड घडवले त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठेच नाहीत.

नावाची गोष्ट एक वेळ सोडून देऊ. पोटाची सोडता येत नाही. हाताने विणलेले केंटे महाग, म्हणून केंटेची नक्षी छापलेले सुती कापड बाजारात आले. आधी ते घानातल्याच गिरण्यांनी छापले. त्या गिरण्यांत काम करणारेही घानाचेच कामगार, त्यांनाही मुलेबाळे. पुढे परदेशातून त्याहून स्वस्त छापील माल आला आणि त्याने गिरण्यांच्या नक्षीचीही नक्कल केली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस घानाच्या कापडधंद्यात सुमारे 25,000 कामगार होते. 2005 पर्यंत ते 3,000 च्या आसपास उरले. म्हणजे ज्यांनी विणकराची नक्कल केली त्यांचीही नक्कल झाली, आणि त्यांच्या संघटना नकली मालाविरुद्ध रस्त्यावर आल्या.

घानाने कायदेही केले. 1985 च्या कायद्याने लोककलांना संरक्षण दिले; 2005 च्या कायद्याने ते हक्क राष्ट्राध्यक्षांकडे, जनतेचे विश्वस्त म्हणून, सोपवले. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने केंटेच्या विणकामाची आपल्या वारसायादीत नोंद केली, आणि 2025 साली केंटेला भौगोलिक मानांकनही मिळाले. हे सगळे चांगलेच आहे. पण विश्वस्त सरकार आणि विणकर लाभार्थी, अशी मांडणी झाली की लाभ मधे कुठे अडकतो ते आम्ही कामगार कल्याणाच्या पुष्कळ निधींत पाहिले आहे. 'लोक' म्हटले की सगळा देश येतो. मागावर बसलेला माणूस त्यात हरवतो.

इथे एक कबुली दिली पाहिजे. 1985 सालीच आपल्या देशात हातमागासाठी काही प्रकारचे कापड राखून ठेवण्याचा कायदा झाला. यंत्रमागवाले त्याविरुद्ध न्यायालयात गेले, आणि 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. आम्ही तेव्हा विशी ओलांडलेले. यंत्रमाग बंद पडले तर आमच्या माणसांचे काय, ह्या धास्तीने आम्ही त्या निकालाविरुद्ध मोर्चात घोषणा दिल्या, मालकांच्या बरोबरीने. ज्यांच्याशी पिकावरच्या मजुरीसाठी भांडायचे, त्यांच्याच ट्रकमध्ये बसून आम्ही सभेला गेलो. पैठणीच्या नक्षीची यंत्रमागावरची साडी आजही पेठेत मिळते, आणि ती विणणारा आमचा सभासद आहे. त्याला चोर म्हणायला आमची जीभ उचलत नाही. येवल्याच्या विणकरालाही आम्ही काही उत्तर देऊ शकलो नाही. बोनविरेच्या विणकरांविषयी पहिल्यांदा वाचले तेव्हा आधी ट्रकमधला तो दिवस आठवला, आणि पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले.

व्याख्यान संपल्यावर ही पट्टी हातात घेऊन पाहा. आधी सुलटी पाहा, मग उलटी करा. छापील असती तर मागची बाजू फिकट दिसली असती. हिची तशी नाही. आणि ह्या बाजूला, काठाजवळ, विणकराने एक तुटलेला धागा गाठ मारून पुढे चालवला आहे. ती गाठ बोटाला लागते.